स्कॅनरसाठी वेगळी चूल

कंप्युटरला जोडलेल्या हबवरचा दिवा मोहरीच्या दाण्याएवढा होता. स्कॅनरची वायर खोचली की तो आधी हिरवा लागायचा, क्षणभर हिरवंच राहावं की काय असा विचार केल्यासारखा थांबायचा आणि मग पिवळा व्हायचा. पिवळा झाला की कंप्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडायची. जोडलेलं उपकरण हबला झेपते त्यापेक्षा जास्त वीज मागत आहे, असं तीत इंग्रजीत लिहिलेलं असायचं. वृषालीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी क्रम तोच: हिरवा, पिवळा, चौकट. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट इतकी नियमाने वागली तर माणूस खूश होतो. घरात वागली तर घरातले जाणकाराला बोलावतात.

जाणकार घरातच होते. वृषालीचे मोठे दीर श्रीमंतदादा साखर कारखान्याच्या विद्युत विभागातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या निवृत्तीनंतरही कारखाना चालू राहिला, याचा धक्का त्यांना अजून पचला नव्हता. त्या चौकटीतलं बाकी इंग्रजी त्यांनी सोडून दिलं. 'पॉवर' हा एक शब्द त्यांना दिसला आणि त्यांची पाठ ताठ झाली.

"लोड," दादा म्हणाले.

एवढं बोलून ते खुर्चीत मागे रेलले. डॉक्टर रोगाचं नाव सांगून पेन बंद करतो, तसे.

कंप्युटर खरं तर वृषालीचा होता. श्रीरामपूरच्या कॉलेजात ती अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. मुलांना प्रयोगांच्या आकृत्या स्वच्छ छापून द्याव्यात म्हणून स्वतःच्या पगारातून तिने तो घेतला. घरी आल्याबरोबर दादांनी सुताराकडून त्याला कुलपाचं टेबल करून घेतलं, कंप्युटरची पाठ भिंतीला लावली आणि किल्ली आपल्या बंडीच्या खिशात ठेवली. ज्याची किल्ली त्याची वस्तू, हा त्या घरातला सगळ्यात जुना कायदा होता. पाठीमागे हात जाईना, म्हणून वायर पुढे काढून तिला तो चार तोंडांचा हब जोडला. स्कॅनरही आकृत्यांसाठीच आला होता. पण मार्गशीर्षात दादांच्या वडिलांचं दहावं पुण्यस्मरण होतं, आणि नगरच्या वर्तमानपत्रात त्यांचा रंगीत फोटो छापायचा होता. आकृत्या मागे पडल्या. न्यूटनला घाई नव्हती.

हबच्या खोक्यात एक छोटा अडॅप्टर होता. दादांनी पहिल्याच दिवशी तो बाजूला काढला. "बोर्डावर आधीच गर्दी. त्यात हे आणखी एक भोक कशाला अडवायचं?" असं म्हणून त्यांनी तो दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, कारखान्याने दिलेल्या निवृत्तीच्या ढालीशेजारी ठेवला.

दोष काय तो एवढाच होता. बोर्डातून स्वतःची वीज मिळाली नाही की हब कंप्युटरकडून आलेली चिमूटभर वीज चार तोंडांत वाटतो, आणि एका तोंडाच्या वाट्याला येते तेवढ्यावर स्कॅनर उभासुद्धा राहत नाही. वृषालीला हे त्याच दुपारी कळलं. तिने सांगितलंही.

"दादा, तो अडॅप्टर हबला लावून बघायचा का?"

"वृषाली," दादा प्रेमाने म्हणाले, "लोड जास्त झालाय. आणि तू म्हणतेस, आणखी एक वस्तू लाव. बादली भरून वाहतेय तर नळ बंद करायचा, का दुसरा सोडायचा?"

उदाहरण चांगलं होतं. बादलीला लागू होतं. वृषालीने नवऱ्याकडे पाहिलं. मच्छिंद्र बँकेत होता, आणि कुठल्याही प्रश्नाचं त्याच्याकडे एकच उत्तर असायचं.

"बघू," तो म्हणाला.

या 'बघू'ची वृषालीला चांगली ओळख होती. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला तिने त्याला विचारलं होतं, की वरच्या खोलीत मोरी आहे, ओटा आहे, तर आपण तिथे आपला स्वयंपाक सुरू करायचा का? खालचं स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंचं, पुष्पावतीताईंचं. त्यात भांडण असं काही नव्हतं. भांडणाला निदान दोन बाजू लागतात. ताईंचा पहिला चहा पूजा झाल्यावर, साडेसातला व्हायचा. वृषालीचं कॉलेज सातचं. आमटी पातळ की दाट, पोळीला तेल की तूप, पाहुण्यांना पोहे की शिरा, हे सगळं ताई ठरवायच्या आणि वृषाली चिरून द्यायची. बाहेर साठ-साठ मुलांना गतीचे नियम सांगणाऱ्या बाईला घरात फोडणीत मोहरी कधी टाकायची याचा अधिकार नव्हता. मच्छिंद्र तेव्हा 'बघू' म्हणाला, आणि तेव्हापासून बघत होता. तिनेही तो विषय जिन्याच्या खाली कधी नेला नाही. वेगळं व्हायचं असं तिने मनात कितीदा ठरवलं असेल. पण मनात ठरवलेलं घरात कुणी मोजत नाही.

तर, लोड. दादांनी तो कमी करायला घेतला. आधी फ्रिज बंद झाला. मग टीव्ही, मग पंखे. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं आणि सगळं घर दिवाणखान्यात घाम पुसत बसलं होतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसं, हळू आवाजात बोलत.

"खोच," दादा म्हणाले.

मच्छिंद्रने वायर खोचली. हिरवा, पिवळा, चौकट.

"दूध नासलं," फ्रिज उघडून पुष्पावतीताई म्हणाल्या.

दादांनी त्यातूनही अर्थ काढला. लोड घरातला नाही, म्हणजे बाहेरचा असणार. शेजारी छबूबाईंची पिठाची गिरणी होती, आणि तीही त्याच खांबावर. दादा स्वतः गेले. गिरणीत दळणाचे डबे घेऊन बायका उभ्या होत्या.

"छबूबाई, जरा गिरणी थांबवता का? आमचा स्कॅनर चालत नाही."

"काय चालत न्हाई?"

"स्कॅनर. फोटो ओढायचं यंत्र."

"आन् त्याला माज्या गिरनीचं काय वावडं?"

"तुमची मोटर आमची वीज खेचते."

छबूबाईंनी पट्टा उतरवला, पण हा शब्द मनावर घेतला. "मी कुनाचं काय खेचत न्हाई, दादा. चला, दावा मला." असं म्हणून त्या पीठमाखल्या हातांनी आपल्यावर आळ येतोय का ते पाहायला घरात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग डबे घेऊन बायका. दिवाणखाना भरला. दादांनी इशारा केला. मच्छिंद्रने वायर खोचली. हिरवा, पिवळा, चौकट.

"दिष्ट लागलीया," छबूबाई म्हणाल्या. "एवढी म्हागाची वस्तू दारासमोर मांडल्यावर दुसरं काय व्हनार? मीठ-मोहऱ्या आना."

निदान चुकीचं होतं, पण दादांच्या निदानापेक्षा स्वस्त होतं. शिवाय दुधाचं नुकसान नव्हतं. छबूबाईंनी कंप्युटरवरून मूठ ओवाळली. काही मोहऱ्या किबोर्डात गेल्या, आणि त्यानंतर एक कळ दाबताना कुरकुर वाजू लागली. ती कळ नेमकी 'एस्केप'ची होती.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ वायरमन आला. त्याने टेस्टर लावून सगळे बोर्ड पाहिले, जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं आणि मान हलवली. टेस्टरमधला दिवा लागतो तेव्हा वायरमनच्या तोंडावर येणारं दुःख वृषालीने अनेकदा पाहिलं होतं. न लागल्यावरही तेच दुःख येतं.

"दादा, अर्थिंग न्हाई तुमाला. हाय ती नुसती नावाला."

"मी तेच म्हणत होतो," दादा म्हणाले. त्यांनी हे कधीच म्हटलं नव्हतं.

मग अंगणात खड्डा. पुष्पावतीताईंचा दोडक्याचा वेल मुळासकट निघाला. खड्ड्यात कोळसा टाकायचा, मीठ टाकायचं, तांब्याची पट्टी पुरायची आणि वरून पाणी. पाणी आणावं लागलं नाही. कानिफनाथची पहार नगरपालिकेच्या पाइपाला लागली आणि ते आपणहून आलं. छबूबाईंच्या गिरणीपर्यंत गेलं. पाइपाला ट्यूबचं रबर बांधेपर्यंत दादा खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणत होते, "हरकत नाही. अर्थिंगला ओल चांगली."

पुढे रोज सकाळी आंघोळ झाली की दादा त्या जागेला तांब्याभर पाणी घालू लागले. येणारे-जाणारे विचारायचे, "काय लावलंय?" दादा सांगायचे, "अर्थिंग." लोक मान डोलवून पुढे जायचे. कुठली तरी नवी भाजी असेल.

स्कॅनर मात्र हिरवा, पिवळा, चौकट. वृषालीने एकदा शोकेसकडे पाहिलं, एकदा दादांकडे. "दादा, तो अडॅप्टर—" एवढं तिने म्हटलं, तर दादांनी हात वर केला. "एक मिनिट. मी विचार करतोय." तो विचार झाल्यावर ते कानिफनाथला म्हणाले, "आता काय?"

"आता एकच उपाय," कानिफनाथ म्हणाला. "सेपरेट मीटर. कंप्युटरची लाइन येगळी करा. घर येगळं, ह्ये येगळं. मग लोडचं नावच न्हाई."

दादांचा चेहरा उजळला. आपण एवढे दिवस जिच्या शोधात होतो ती मोठी गोष्ट सापडली, असं त्यांना वाटलं. वीज कचेरी! तिथे काम करणाऱ्या निम्म्या लोकांना आपण ओळखतो, असा त्यांचा समज होता. जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मच्छिंद्रला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून.

दुपारी ते परत आले तेव्हा शर्टाची इस्त्री गेली होती.

"त्या निम्म्या लोकांची बदली झाली," मच्छिंद्रने वृषालीला हळूच सांगितलं.

उरलेल्या निम्म्यांपैकी एकाने दादांना बराच वेळ बाकावर बसवलं. शेवटी खिडकीतून मान बाहेर न काढताच त्याने विचारलं होतं, "एका घरात दुसरा मीटर? कशाला?"

"कंप्युटरसाठी."

"कंप्युटरला मीटर मिळत नाही. कुटुंबाला मिळतो. घरात वेगळं कुटुंब आहे का?"

"भाऊ आहे. एकत्रच राहतो."

"मग नाही. चूल वेगळी असेल तरच दुसरा मीटर. साहेब स्वतः येऊन चूल बघतात. पुढचा कोण आहे?"

दादांनी हे सगळं सांगितलं, ते पाणी प्यायले आणि त्यांनी घरावरून नजर फिरवली. संकटात त्यांची बुद्धी नेहमीच वेगाने धावायची. दिशेचं काय ते सांगता येत नसे.

"मग चूल मांडू," ते म्हणाले. "वरच्या खोलीत. ओटा आहे, मोरी आहे. मच्छिंद्रच्या नावाने अर्ज. साहेब येतील, बघतील, जातील. मीटर लागला की चूल खाली."

वृषाली तेव्हा भेंडी चिरत होती. सुरी थांबली. शोकेसमधला अडॅप्टर तिथून स्पष्ट दिसत होता. आत्ता उठून तो काढला, हबला लावला, तर हे सगळं इथेच संपत होतं. तिने भेंडीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, ज्याच्यावर ती खोली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चुकीचं उत्तर तिने खोडलं नाही. ती पुन्हा चिरू लागली.

खोटी चूल मांडणं खऱ्या चुलीपेक्षा कष्टाचं असतं. खऱ्या चुलीला निदान कुणाला पटवायचं नसतं. पुष्पावतीताईंनी जुना स्टोव्ह दिला, दोन पातेली दिली, बिनकानाची कढई दिली आणि रिकाम्या डब्यांची एक रांग दिली.

"साहेबाने झाकण उघडलं तर?" दादांनी शंका काढली.

"साहेब डबे कशाला उघडेल?"

"मी साहेब असतो तर उघडले असते."

ते खरं होतं. म्हणून तांदूळ आले, तूरडाळ आली, साखर आली. ताईंनी प्रत्येक डबा मापून भरला. "परत येताना एवढंच हवं," त्या म्हणाल्या. वृषालीने चहापत्तीही मागितली.

"ती कशाला?"

"ताई, चहापत्ती नसलेलं घर साहेबांना खरं वाटणार नाही."

या युक्तिवादाला दादांनी मान डोलावली. एवढंच नव्हे, त्यांनी तो पुढे नेला. नवीकोरी चूल बघताक्षणी ओळखू येते, ती वापरातली दिसली पाहिजे. तेव्हा साहेब येईपर्यंत वर रोज काहीतरी शिजवावं, पातेल्यांची बुडं काळी व्हावीत, भिंतीवर फोडणीचे शिंतोडे हवेत. वृषालीने हे काम फार जबाबदारीने केलं. सकाळी सहाला आलं ठेचून चहा ठेवायचा, संध्याकाळी पिठलं, आणि फोडणीत मोहरी तिला वाटेल तेव्हा. मच्छिंद्र पहिल्या दिवशी पुरावा म्हणून जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने पुराव्यावर आणखी भाकरी मागितली.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "कायम असं..." आणि तिथे तो घाबरून थांबला.

"कायम असं काय?"

"बघू."

शेवटी साहेब आले. बारीक अंगाचे, थकलेले गृहस्थ होते. जिना चढून आल्यावर त्यांनी खोलीकडे एकदाच पाहिलं. त्यांच्या मागे दादा, ताई, मच्छिंद्र, आणि गिरणी बंद ठेवून छबूबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण पाइप फुटल्यापासून या प्रकरणात आपलाही हक्क आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

साहेबांनी पातेलं उलटं करून बघितलं. भिंतीवर बोट फिरवलं. दोन डब्यांची झाकणं उघडली. दादांनी ताईंकडे विजयाने पाहिलं.

"मी आजवर शेकडो खोट्या चुली पाहिल्यात," साहेब म्हणाले. "घोडेगावला एकाने गोठ्यात मांडली होती. ही चांगली आहे. फारच चांगली आहे. म्हणून विचारतो. हे कुटुंब खरंच वेगळं झालंय का? खोटं निघालं तर मीटर काढून नेईन, आणि वर केस होईल."

आता दादांची पंचाईत झाली. हो म्हणावं, तर छबूबाईंच्या देखत घर फुटलं म्हणून सांगितल्यासारखं. आणि गिरणीतून ती बातमी पिठाबरोबर घरोघर जाणार. नाही म्हणावं, तर आपण वीज कचेरीला फसवत होतो, हे एका माजी सुपरवायझरने कबूल करायचं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. पुन्हा केला.

"तुम्ही सांगा," साहेब मच्छिंद्रला म्हणाले. "अर्ज तुमचा आहे."

"बघू," मच्छिंद्र म्हणाला.

"बघायला मी आलोय," साहेब म्हणाले. मग ते वृषालीकडे वळले. "बाई, तुम्ही शिकवता ना? तुम्ही सांगा. मीटर नेमका कशाला हवाय?"

वृषालीला विचारलेल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर देता येत नसे. हा दोष तिला शिक्षणातून लागला होता. घरात त्याचा त्रास झाला नव्हता, कारण घरात तिला कुणी विचारत नव्हतं.

"मीटर नकोय, साहेब," ती म्हणाली. "या खाली, दाखवते."

सगळे खाली उतरले. तिने शोकेस उघडली, ढालीशेजारचा अडॅप्टर घेतला, एक टोक बोर्डात आणि दुसरं हबात घातलं. मग स्कॅनरची वायर खोचली. दिवा हिरवा लागला. हिरवाच राहिला. स्कॅनरच्या पोटात एक उजेड सरकू लागला आणि थोड्या वेळाने पडद्यावर वडिलांचा फेटा उतरला, मग कपाळ, मग मिशा.

"मामंजी!" असं म्हणून ताईंनी पदर डोक्यावर घेतला.

"एवढंच हुतं व्हय?" छबूबाई म्हणाल्या. "आन् माजी गिरनी बंद पाडली, पानी सोडलं!"

दादांनी वाकून त्या मिशा पाहिल्या. मग म्हणाले, "अर्थिंग केलं म्हणून लागला."

साहेबांनी अर्जावर रेघ मारली. "म्हणजे दुसरा मीटर नको. मग चुलीचाही प्रश्न मिटला. चहा असेल तर घेतो, नसेल तर निघतो."

"नाही कसा, बसा ना," दादा म्हणाले. त्यांना मोकळं वाटत होतं. घर फुटलं नव्हतं, केस झाली नव्हती, आणि अर्थिंग तर कायमचं झालं होतं. त्यांनी जिन्याकडे हात केला. "मच्छिंद्र, वरचे डबे खाली आण. पुष्पा, मोजून घे. स्टोव्ह माळ्यावर टाक. झालं, मिटलं."

मच्छिंद्र उठला. सवयीने. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

वृषाली स्कॅनरची वायर सरळ करत होती. ती तिने खाली ठेवली. आवाज वर्गात असायचा तेवढाच होता, मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढा.

"डबे वरच राहतील, दादा. ताई, डाळ-तांदूळ मी तुम्हाला उद्या बाजारातून आणून देते. आम्ही वेगळं राहणार आहोत."